अकरा सेकंदांचं पाणी

नांदेडवाले म्हणतात, 'चवथी घागर' हा सिनेमा आमच्याकडं पंचवीस आठवडे चालला. लातूरवाले म्हणतात, आमच्याकडं तीस. देगलूरचे एक गृहस्थ फोनवर म्हणाले, "आमच्याकडं तर लोकांनी उतरवूच दिला न्हाई." मी अहमदपूर एसटी डेपोत एकतीस वर्षं कारकुनी केली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून, मिळवणी करायची खोड काही जात नाही. ज्यानं जितके सांगितले तितके आठवडे एकाखाली एक लिहिले आणि बेरीज केली. त्या बेरजेप्रमाणं हा सिनेमा अजून कुठंतरी चालू असायला हवा होता आणि आम्हाला तो शोधत फिरायची गरजच नव्हती.

पण होती. अडुसष्ट सालचा काळा-पांढरा सिनेमा. मूळ निगेटिव्ह कुठं गेली हे निर्मात्याच्या पुण्यातल्या नातीलाही ठाऊक नाही. तिनं दोन ओळींची परवानगी तेवढी पाठवली होती: "सापडला तर नीट करा. केला तर मलाही दाखवा." उरल्या होत्या त्या टॉकीजमधल्या प्रिंटा, म्हणजे पडद्यावर धावून धावून म्हाताऱ्या झालेल्या फिती. आमचं मंडळ म्हणजे त्या फिती गोळा करणारी, पुसणारी, जोडणारी आणि मधल्या वेळात एकमेकांना नावं ठेवणारी माणसं. पगार कुणालाच नाही, म्हणून कुणी कुणाचं ऐकत नाही. बोलणारे बावीस, काम करणारे तीन: लातूरला संगणकाचा क्लास चालवणारी बबिता, नांदेडच्या एका बंद टॉकीजचे जुने ऑपरेटर मल्लिनाथ, आणि दोघांच्या मधोमध, अहमदपुरात, मी. फितीचे डबे नांदेडहून एसटीनं निघायचे, माझ्या ओट्यावर मुक्काम करायचे आणि दुसऱ्या दिवशी लातूर गाठायचे.

बबितानं एका भंगारातल्या प्रोजेक्टरवर कॅमेरा बसवला होता. फीत एकेक चौकट पुढं सरकते, कॅमेरा तिचा फोटो काढतो. सेकंदाला चोवीस चौकटी. मग संगणक धूळ, ओरखडे, डाग पुसून काढतो. एका प्रिंटमधून जे गेलं असेल ते दुसरीतून घ्यायचं. चार प्रिंटा जमल्या होत्या: दोन नांदेडच्या, एक लातूरची, एक जत्रेतल्या तंबू टॉकीजची. माझ्याकडं जोडांचं रजिस्टर होतं. कोणत्या रिळात फीत कुठं तुटली, कुठं चिकटवली, किती चौकटी गेल्या, सगळं मी लिहून ठेवायचो.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून सगुणाबाई बबिताच्या क्लासात आल्या; मीही डबे पोचवायला तिथंच होतो. वय चौऱ्याहत्तर, पाठ माझ्यापेक्षा सरळ. मागं त्यांचे यजमान शेषेराव. मंडळाचा निरोप भाच्यानं मोबाईलवर वाचून दाखवला होता म्हणे.

"ते घागरीचं गाणं झालं का पुसून?" सगुणाबाईंनी उभ्याउभ्याच विचारलं.

"कुणाचं गाणं, आजी?" बबिता म्हणाली.

"माझं."

मग बसल्या आणि सांगितलं. शूटिंगवाले त्यांच्या माहेरच्या विहिरीवर आले होते. हिरोइन शहरातली. तिला रिकामा हंडासुद्धा डोक्यावर पेलेना. "मग डायरेक्टर म्हनला, ती पोरगी घ्या. मी सोळाची. तीन डोक्यावर, एक कमरेवर. ते म्हनले, रिकाम्या घे. मी म्हनलं, रिकामं भांडं डोक्यावर हलतंय, भरलं की बसतंय. चारी भरून घेतल्या. विहिरीपासून पिंपळापोतर चालले आन् वळून बघितलं."

"छप्पन्न वर्षं ऐकून राहिलो," शेषेराव म्हणाले. "लग्नाच्या रात्री पहिलं हेच ऐकलं. सिनेमा मी दोनदा बघितला. गाण्यात विहीर हाय, पिंपळ हाय, ही न्हाई."

"कापलं असंल."

"सरकारनं कापलं काय तुला? लई मोठी आसामी!"

सगुणाबाईंनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. बबिताला म्हणाल्या, "पोरी, मी जल्मात जे काय केलं ते समद्यांनी बघितलंय. सैपाक बघितला, खुरपन बघितलं, चार बाळंतपनं बघितली. हे येकच असं हाय, केलं आन् घरच्या कुनी बघितलं न्हाई. तेवढं मला काढून दे."

बबितानं चारही प्रिंटांचं सातवं रीळ त्यांच्यासमोर लावलं. चारींत तेच. हिरोइन विहिरीवर वाकते, गाण्याची ओळ मध्येच उडी मारते, आणि पुढच्या क्षणी ती घराच्या दारात उभी. मधली वाट गायब. गाण्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेवर मोजून बघितलं तर अकरा सेकंद कमी. दोनशे चौसष्ट चौकटी.

शेषेराव म्हणाले, "बघा." एवढंच. पण ते एवढंच त्यांनी परतीच्या एसटीत बसेपर्यंत चार वेळा म्हटलं. मी मोजलं.

घरी येऊन मी रजिस्टर उघडलं. नवव्या रिळात सरपंचाचं चार मिनिटांचं भाषण आहे. ते ऐकताना मला स्वतःला दोनदा डुलकी लागली. चारही प्रिंटांत त्या भाषणावर एक ओरखडा नाही. आणि सातव्या रिळात घागरीच्या जागेच्या मागंपुढं जोडांची नुसती रांग: इथं सात, तिथं नऊ, नांदेडच्या एका प्रिंटमध्ये अकरा. मी थेट नांदेडची गाडी धरली.

मल्लिनाथ जुन्या मोंढ्याजवळच्या हॉटेलात चहा फुंकत होते. मी आकडे वाचले. त्यांनी कप खाली ठेवला.

"वन्समोर," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे पब्लिक खुर्च्या तोडायची, बसवंतराव! ती पोरगी वळली की वन्समोर. रीळ थांबवा, उलटं फिरवा, परत लावा. एका खेळाला तीनदा. फीत तिथंच झिजायची, तिथंच तुटायची. तुटली की दोन्ही टोकं कापून चिकटवायची. दर जोडाला दोन-चार चौकटी जायच्या. शेवटी दहा-बारा चौकटीच उरल्या, पडद्यावर नुसता झटका बसायचा. मग त्याबी काढून टाकल्या."

"त्या पोरीच्या नवऱ्यानं, शेषेरावांनी, बघितला तेव्हा?"

"कधी बघितला?"

"एकाहत्तरच्या पुढं."

"तवर समदं खाऊन झालतं," मल्लिनाथ ओशाळून म्हणाले. मग त्यांचा चेहरा खुलला. "म्हंजे ती पोरगी हाय अजून? आयला! त्या पोरीसाठी मी तीन वर्षं हँडल फिरवलं."

आवडलं ते संपलं आणि कंटाळा आला ते शिल्लक राहिलं, असा सगळा मामला होता. मग आम्हाला काय शोधायला हवं हे उघड होतं: असं गाव, जिथं हा सिनेमा पडला. जिथं कुणी टाळी वाजवली नाही.

असं गाव शोधणं म्हणजे काय, ते करून बघा. मी तेवीस फोन केले. आमच्या गावात सिनेमा पडला असं एकही माणूस कबूल करेना. एकानं तर माझ्यावरच डाफरून विचारलं, "आमच्या लोकांना अक्कल न्हाई म्हनायचं का तुम्हाला?" शेवटी मी प्रश्न बदलला. सिनेमा चालला का, हे विचारायचं सोडलं आणि विचारू लागलो, त्या दिवसांत तुमच्याकडं दुसरा कोणता सिनेमा जोरात होता? धर्माबादच्या वीरभद्र यांनी पटकन उत्तर दिलं: तेलुगू, एक नाही, सलग तीन. तेलंगणा तिथून हाकेच्या अंतरावर. मी दुसऱ्या दिवशी मल्लिनाथांना घेऊन धर्माबादला.

वीरभद्रांचा मिरचीचा व्यापार. टॉकीज वडिलांची होती, ती कधीच पाडली. "चवथी घागर?" ते हळू आवाजात म्हणाले आणि दुकानात गिऱ्हाईक नाही ना हे बघून घेतलं. "पहिल्या दिवशी सतरा मानसं. दुसऱ्या दिवशी सहा. त्यातले दोघं पंख्याखाली झोपायला आलते. तिसऱ्या दिवशी बाबांनी पोस्टर काढलं."

"वन्समोर?"

"लेदू, लेदू!" तेलुगूत 'नाही, नाही' म्हणत त्यांनी दोन्ही हात हलवले. "कोन म्हननार? खुर्च्या?"

मल्लिनाथांनी भर दुकानात वीरभद्रांना मिठी मारली. आपल्या वडिलांच्या अपयशावर कुणी इतकं खूष झालेलं वीरभद्रांनी आयुष्यात बघितलं नसावं.

डबे गोदामाच्या माळ्यावर होते. प्रिंट परत न्यायला कुणी आलंच नव्हतं. वितरकाचं दुकान त्याच वर्षी बंद झालं. खाली पन्नास वर्षं मिरचीची पोती, त्यामुळं कीड म्हणून फिरकली नव्हती. आम्ही तिघं शिंकत, रडत तेरा डबे खाली उतरवले. देताना वीरभद्रांनी एक अट घातली: "सिनेमा दाखवाल तवा पाटीवर पडला-बिडला लिहायचं न्हाई. लिहा, धर्माबादच्या रसिकांनी जिवापाड जपला." मी लिहून दिलं. जपला तर होताच.

सातव्या रिळात एकही जोड नव्हता. मात्र फीत वाळून कडक झाली होती, कॅमेऱ्याखालून जाताना दोन ठिकाणी तडकली. पण दोनशे चौसष्टच्या दोनशे चौसष्ट चौकटी निघाल्या. संगणकानं त्या लख्ख पुसल्या. मी रजिस्टरात लिहिलं, "पांढरे ठिपके फार. साफ. उत्तम," आणि खाली सही केली. बबिताच्या यंत्रात जागा संपत आली होती, म्हणून न पुसलेले फोटो तिनं माझी सही बघून काढून टाकले.

रविवारी आम्ही लॅपटॉप घेऊन सगुणाबाईंच्या गावी गेलो. ओसरीवर अर्धी गल्ली जमली. बबितानं गाणं लावलं. विहीर आली. पोरगी उठली, डोक्यावर हंडा, हंड्यावर घागर, घागरीवर कळशी, कमरेवर चवथी. पिंपळापर्यंत आली आणि वळली. मान वळवायची सोय नव्हती, म्हणून आख्खं अंग वळवून बघितलं, आणि ओठांच्या एका कोपऱ्यात हसली.

मग शेषेराव म्हणाले, "हीच हाय." आवाज जरा फाटला. "अजूनबी अशीच बघती. आख्ख्या अंगानं."

बायकांनी गलका केला. सून हसत रडत होती. मी मनातल्या मनात काम पूर्ण झालं अशी खूण केली. आणि तेवढ्यात शेषेरावांना राहवलं नाही. छप्पन्न वर्षांची सवय.

"पर घागरी रिकाम्या दिसून राहिल्या गड्या."

कुणीतरी हसलं. सगुणाबाई लॅपटॉपच्या जवळ गेल्या, डोळे बारीक केले. "परत लाव." बबितानं लावलं. "परत." तिसऱ्यांदा बघून त्या वळल्या, बबिताकडं, आख्ख्या अंगानं.

"माझं पानी कुठं गेलं गं?"

"पाणी?"

"कळशी हिंदकळत व्हती. खांदा भिजला व्हता, पाठ भिजली व्हती. थेंब उडत व्हते. डायरेक्टर म्हनला व्हता, उन्हात मोती दिसतेत. कुठं गेलं?"

बबिताचा चेहरा उतरत गेला. मला रजिस्टरातला माझा शब्द आठवला. उत्तम. संगणकाला धूळ कशी कळते? एका चौकटीत दिसतो आणि पुढच्या चौकटीत नसतो, तो पांढरा ठिपका म्हणजे धूळ. उडणारं पाणीही तसंच दिसतं. आम्ही या बाईचं पाणी घाण समजून पुसून टाकलं होतं, आणि वर मी सही ठोकली होती.

"आजी, चूक आमची," मी म्हणालो.

"ते कळलं. आता?"

मल्लिनाथ म्हणाले, फीत आता यंत्रातून धावणार नाही. हातानं, एकेक चौकट करून कदाचित जाईल. कदाचित. तुटली तर पुढं काही नाही. बबितानं सगुणाबाईंकडं बघितलं. "आजी, तुम्ही दिसताय, हे तर आता पक्कं झालंय. हे आहे तसंच दाखवलं तर?"

"रिकाम्या घागरी तर हिरोइनबी उचलून बघत व्हती," सगुणाबाई म्हणाल्या. "मग मी काय केलं?"

बबितानं लॅपटॉप मिटला.

सोमवारपासून क्लासाला तीन दिवस सुट्टी. मल्लिनाथ नांदेडहून आपले पांढरे सुती हातमोजे घेऊन आले. त्यांनी फीत बोटाबोटानं सरकवायची, बबितानं फोटो काढायचा, मी चौकटीचा नंबर मोठ्यानं म्हणायचा. एकशे बाराव्या चौकटीला कट् असा आवाज झाला. मल्लिनाथांनी डोळे मिटले. बघितलं तर त्यांच्याच बोटाचं हाड वाजलं होतं. मंगळवारी दुपारी दोनशे चौसष्टावी चौकट निघाली आणि मल्लिनाथ तिथंच फरशीवर आडवे झाले.

आता पुसायला संगणक चालणार नव्हता. पाणी कोणतं आणि धूळ कोणती, हे जिच्या अंगावर पाणी पडलं होतं तीच सांगू शकत होती. बुधवारी सकाळी सगुणाबाई बबिताच्या शेजारी खुर्चीवर मांडी घालून बसल्या. बबिता एकेका ठिपक्यावर बाण नेई, त्या निवाडा देत.

"पानी. पानी. ही घान. पानी. ह्ये केस हाय कुनाचा तरी, काढ."

शेषेराव घरी थांबायला तयार नव्हते. मागच्या बाकावर बसून तपासणी करीत होते. "ह्ये पानी न्हाई, घाम हाय."

"घाम वरून पडतो व्हय? तुमच्या पडत असंल."

"बरं, ह्ये?"

"ह्ये पानी."

"ह्ये लई बारीक हाय."

"मग बारीक थेंब. बारीक थेंब नसत्यात का? लिवा हो भाऊ."

मी लिहीत होतो. संध्याकाळपर्यंत एक गंमत माझ्या लक्षात आली. शेषेरावांच्या हरकती कमी होत चालल्या होत्या. सकाळी तासाला अठरा, दुपारी सात. चहानंतर तर सगुणाबाईंनी एका ठिपक्याला घाण म्हटलं आणि मागून आवाज आला, "नीट बघ, पानी हाय ते. कळशीच्या काठावरनंच निघून राहिलंय." सगुणाबाईंनी नीट बघितलं. "हाव," म्हणाल्या, "हाय." शेषेराव बाकावर असे ताठ बसले जणू तो थेंब त्यांनीच शिंपडला होता. एकंदर थेंब भरले तीनशे सत्तेचाळीस.

पौषात लग्नं नसतात, त्यामुळं लातूरचं मंगल कार्यालय रविवारी सकाळी मोकळं मिळालं. खिडक्यांना ताडपत्र्या बांधल्या. सहाशे माणसं आली. नांदेडवाले पुढं बसले म्हणून लातूरवाले भांडले, पुण्याची नात दोघांच्या मधे सापडली, आणि वीरभद्र स्टेजवरच्या पाटीखाली उभे राहून येईल त्याला धर्माबादचं नाव बोटानं दाखवत होते. सगुणाबाई दुसऱ्या रांगेत, इरकल नेसून. शेषेराव शेजारी. सहा रिळं होईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

सातवं लागलं. विहीर. पोरगी उठली आणि चालू लागली. एवढ्या मोठ्या पडद्यावर ते मीही पहिल्यांदाच बघत होतो. कळशी हिंदकळली आणि पाणी उन्हात उडालं, खांद्यावर पडलं, चोळी काळी होत गेली, पाठीवरून ओघळ निघाले, धुळीच्या वाटेवर मागं ठिपक्यांची रांग पडत गेली. चारही भांडी जागची हलली नाहीत. ती वळली. हॉलच्या मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि मग सहाशे माणसांनी एकदम श्वास सोडल्यासारखा आवाज झाला.

शेषेराव उभे राहिले. पडद्याकडं पाठ, लोकांकडं तोंड. त्यांच्या फेट्याची सावली थेट पिंपळावर पडली.

"भरलेल्या हायेत!" ते ओरडले. "बघितलं का? चारी भरलेल्या! तीनशे सत्तेचाळीस थेंब हायेत, मी सोता हजर व्हतो! मालकीन हाय माझी!"

हॉल फुटला. "वन्समोर! वन्समोर!" मल्लिनाथांचा हात सवयीनं हवेत कुठलंतरी हँडल शोधत गोल फिरला, बबितानं एक कळ दाबली. पोरगी पुन्हा विहिरीवरून उठली. पुन्हा वन्समोर. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. म्हातारेकोतारे खुर्च्यांवर चढले. मल्लिनाथ हसता हसता डोळे पुसत होते आणि जो भेटेल त्याला सांगत होते, "होऊ द्या, होऊ द्या, आता झिजत न्हाई!" शेषेराव अजून उभेच, हात वर करून, स्वतःलाच टाळ्या मिळाल्यासारखे वाकून नमस्कार करीत.

पाचव्यांदा सगुणाबाईंनी त्यांचं धोतर धरून ओढलं.

"आवो, बसा की खाली! मागच्यांना दिसंना." आणि मागं वळून, आख्ख्या अंगानं, "बबिता, पुरे गं आता. पुढचं लाव. पिच्चर मी आजवर बघितलेलाच न्हाई; त्या हिरोइनीचं पुढं काय व्हतं ते तरी कळू दे."